डोरीनशेजारची जागा

“दाजी, पाय दाबा की जरा!” शेजारी बसलेला लेनी खेकसला.

“प्रेताची गाडी आहे, लेनी. घोड्यांची शर्यत नाही.”

विल्फ ट्रँटरने पूर्व लंडनमध्ये तेहतीस वर्षं शववाहिनी चालवली होती. आज मागच्या पेटीत प्रेत नव्हतं. सकाळीच लुटलेलं सराफाचं सोनं होतं, आणि बाराची बोट गाठायची होती. एरवी तो मेव्हण्याच्या असल्या धंद्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. पण त्याच्या बायकोला, डोरीनला, पुरलं होतं तिच्या शेजारची मोकळी जागा लेनीच्या नावावर होती. “काम फत्ते झालं की सही करतो. झोपा खुशाल ताईशेजारी,” लेनी म्हणाला होता. म्हातारा तेवढ्यावर पाघळला.

बेत मात्र झकास! चौकातल्या पोलिसाने टोपी काढून वाट करून दिली. लेनी खुदखुदला.

तेवढ्यात आडव्या रस्त्याने एक खरीखुरी अंत्ययात्रा आली. विल्फने गाडी थांबवली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आता काय झालं?”

“दुसऱ्याच्या मयतीत गाडी घालायची नसते.”

“अहो, किती गाड्या आहेत ह्या!”

“चाळीस तरी असतील. माणूस चांगला असणार,” विल्फ कौतुकाने म्हणाला.

पिस्तूल बरगडीला टेकलं. “घाल गाडी, थेरड्या!”

विल्फ घाबरला नाही असं कसं म्हणावं? पण पाय ब्रेकवरून उठेना. “एवढ्या जाऊ दे रे,” तो म्हणाला.

चर्चच्या घंटांत बार कुणाला ऐकू आला नाही. लेनीने त्याला बाजूला ढकललं, गाडी बोळात घेतली आणि त्याचं प्रेत पेटीतल्या सोन्यावरच कोंबलं. “घ्या दाजी, फुकटात पेटी!” मग सुसाट निघाला. टोपी काढणारा तो पोलीस बघतच राहिला. साठच्या वेगाने पळणारी शववाहिनी त्याने जन्मात पाहिली नव्हती. पुढच्याच नाक्यावर पोलिसांनी लेनीला अडवलं.

विल्फच्या शववाहिनीवरच्या जुन्या सोबत्यांनी तुरुंगात जाऊन लेनीपुढे जागेचा कागद ठेवला. “त्याच्या पायी मी आत आलो,” लेनी म्हणाला, “सही करतो होय! कुजू दे कुठेही.”

शेवटी नगरपालिकेने कोपऱ्यातली बेवारशांची जागा दिली. सोबत्यांनी आपलीच गाडी आणली, अंत्यविधीच्या काळ्या टोप्या घातल्या. डोरीनच्या ओळीपाशी चालकाने गाडी आणखी सावकाश केली, आणि मग पुढे नेली.