रोज चारला येणारा म्हातारा

मगूबानेनं माखोझाच्या मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीत बूड टेकवलं, तिथंच तिचं डोकं फिरलं. वर चहात सहा चमचे साखर! स्वतःला प्रेषित म्हणवतो, पण बसू का म्हणून विचारायची रीत नाही.

पण बोलायची सोय नव्हती. फाटकाबाहेर अर्धी उमलाझी वस्ती लोटली होती. ढोल, भजनं, कणसं भाजणाऱ्या बाया, बापाच्या खांद्यावर चढलेली पोरं. कारण माखोझाच्या घराचा चोर शिरला की वाजणारा भोंगा रोज दुपारी चारच्या सुमाराला आपोआप बोंबलत होता, अंगणात चिटपाखरू नसताना! पहारेवाल्यांची गाडी धावत यायची, शिव्या घालत परत जायची.

"म्हातारे मबाथा आले!" मगूबाने जांभळा झगा सावरत ओरडायचा. "कुणी आत पाऊल टाकू नका! पितर बिचकतात!"

माखोझाला सुरुवातीला गुदगुल्याच झाल्या. दुखवट्याचं वर्ष सरलं, तरी नवरा भेटायला येतोय! ती नवा रुमाल डोक्याला बांधून पावणेचारलाच तयार व्हायची.

"नशीब काढलंस बाई," शेजारची माडुबे म्हणाली. "माझा तर जिवंत असून घरी येत नाही."

मग सून फिकिले शंका काढू लागली, तशी मगूबानेनं नवीन पुडी सोडली. "म्हातारे रडतायत! सुनेनं घरात टोकोलोशे घुसवलाय, ते बुटकं भूत! शनिवारी तिला माहेरी धाडा. पोरगी इथंच राहील."

फिकिलेनं तान्ह्या पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आई, भूतबित काही नाही हो. भोंगा लावणारे सांगून गेले होते ना, भोंग्याच्या भिंतीवरच्या डोळ्यासमोर कपडे वाळत घालू नका म्हणून? त्याला माणूस ओळखता येत नाही. हलणारी ऊब तेवढी दिसते."

"माझ्या दोरीवर काय वाळत घालायचं ते मला शिकवू नकोस!" माखोझा कडाडली.

दुखवटा संपला की मेलेल्याचे कपडे धुऊन भाऊबंदांत वाटतात. माखोझानं सगळे वाटले, पण काळा जाड कोट कुणाला दिला नाही. रोज तो अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकायची. मगूबाने म्हणायचा, "प्रार्थना संपेपर्यंत कोट हलवू नका."

गुरुवारी झाडाचं पान हललं नाही. माखोझा नवा रुमाल बांधून पाच वाजेपर्यंत बसली. म्हातारा आला नाही.

ती विचारात पडली. जिवंतपणी जो माणूस एकदाही वेळेवर घरी आला नाही, तो मेल्यावर घड्याळ लावून येतो? आणि वारा पडला की सुट्टी घेतो?

शनिवारी फिकिलेची पिशवी दाराशी होती. मगूबानेनं पोटभर बकरा हाणला, बोटं चाटली आणि हुकूम सोडला, "आता कोट माझ्या अंगावर घाला. म्हातारे कायमचे शांत होतील. मग सून निघू दे."

"घाला ना, प्रेषितजी," माखोझा शब्द मधात बुडवून बोलली. "आणि झगा इकडं द्या. घामानं भिजलाय, उन्हात टाकते."

जांभळा झगा दोरीवर चढला. सगळे फाटकाबाहेर आले, अंगण डोळ्याच्या हवाली झालं. माडुबेचं हाडकुळं कुत्रं अंगणातून रमतगमत गेलं. बुटक्यांची तो डोळा दखलच घेत नाही. भोंगा गप्प.

"पाहिलंत? शांत झाले!" मगूबाने कोटात फुगला.

उन्हानं झगा चांगला तापला. चार वाजत आले, तसा समुद्राकडून रोजचा वारा सुटला. झग्यात पोट भरलं, बाह्या नाचल्या, आणि भोंग्यानं टाहो फोडला.

"आले! म्हातारे आले!" सवयीनं मगूबानेच्या तोंडून निघालं. मग त्यानं जीभ चावली.

"कोण आलं रे?" माखोझा म्हणाली. "म्हाताऱ्याचा कोट तुझ्या अंगावर. दोरीवर तुझा झगा. मग मेलं कोण, तू?"

गल्ली हसून लोळली. फिकिलेनं भोंगा बंद करून झगा काढला, डोळा पुन्हा जागा केला. शांत. झगा टाकला, वारा आला, बोंब! "पुन्हा एकदा!" पोरं ओरडली. ढोलवाल्यानं ठेका धरला.

"अगं, हा तर दोन वर्षांमागं हेच डोळे बसवत फिरायचा!" गर्दीतून आवाज आला. मगूबाने मागच्या मागं सरकू लागला.

माखोझानं त्याची कॉलर धरली. "फिकिले, पिशवी आत ने. आणि दोरी उद्यापासून मागच्या अंगणात." मग ती त्याच्याकडं वळली.

"कोट काढ. माझा नवरा मेलाय, मगूबाने. मेलेला घरी येत नाही, हे मला रडून कळलंय. ते पुन्हा विसरायला लावलंस तू मला. आणि माझी नात तिच्या आईपासून तोडणार होतास, एका वाळत्या कापडाच्या जिवावर! भोंगा वाजला की शहाण्यानं आधी दोरीवर काय हलतंय ते बघावं. तू प्रेषित नाहीस. तू वाऱ्यावर फडफडणारा झगा आहेस, आणि आतून रिकामा. चल, नीघ!"