दारातलं उत्तर

सकाळी दहाच्या सुमाराला थोरलीच्या लक्षात आलं, की आई डाव्या हातानं काम करतेय.

त्या घरात केसांचे टोप बनत. आख्ख्या वस्तीचाच तो धंदा होता. केस धुवायचे, लांबीप्रमाणे निवडायचे, खिळ्यांच्या फणीतून ओढायचे आणि मग आकड्याच्या सुईनं बारीक जाळीत एकेक केस ओवत बसायचं. आईचा हात त्यात इतका बसलेला, की तिनं काढलेला भांग कुणाला खोटा वाटत नसे. निम्मे टोप कालव्यापलीकडच्या कॅन्सर रुग्णालयात जात, औषधांनी केस गळालेल्या बायकांसाठी.

"उजव्या हाताला काय झालं गं?" थोरलीनं विचारलं.

"काय व्हायचंय? आखडलाय. तू पाहणीवाली झालीस म्हणून आता घरातसुद्धा चौकशा? जा, चहा ठेव."

धाकटी खुदकन हसली. हल्ली ती कशालाही हसायची. तिचं लग्न जवळपास ठरलं होतं, फक्त मुलाकडचा शेवटचा होकार यायचा होता.

ही पाहणी म्हणजे रुग्णालयाचं आणि वस्तीचं भागीदारीतलं काम होतं. या वस्तीतल्या बायका रुग्णालयात येतात त्याच मुळी शेवटच्या घटकेला, आणि पलीकडच्या बायका बऱ्या होऊन घरी जातात तिथं या दगावतात, हे एका डॉक्टरीणबाईंना सलत होतं. पण वस्तीत पाऊल टाकणं सोपं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी असेच काही संशोधक आले होते. घरोघर रक्त काढून बाटल्या घेऊन गेले. परत कुणी फिरकलं नाही. आली ती फक्त वर्तमानपत्रातली बातमी, की या जमातीच्या रक्तातच आजार आहे. त्या वर्षी ठरलेली सात लग्नं मोडली. तेव्हापासून वस्तीनं तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. ज्या घरात आजार, त्या घरची मुलगी कुणी करायची नाही, हा नियम मात्र वस्तीनं आपणहून जोडला.

म्हणून डॉक्टरीणबाई आधी वस्तीच्या समितीकडे आल्या. समितीचे प्रमुख थोरलीचे वडील. त्यांना सगळे कारभारी म्हणत. ते म्हणाले, "घरोघर विचारणारी मुलगी आमची असेल. कागद आमच्यासमोर उघडायचे. आणि प्रश्न घरच्या कर्त्या पुरुषालाच विचारायचे. आमची रीत आहे ती."

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. वस्तीचा मान राखला, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या भल्या होत्या. पण भल्या माणसांच्या चुकाही जीव घेतात. भागीदारी कुणाशी झाली आणि कुणाला वगळून झाली, हे त्यांनी पाहिलंच नाही.

थोरली दोनशे अकरा दारांत उभी राहिली. "घरात कुणा बाईला गाठ, न भरणारी जखम, नको तेव्हा रक्त जाणं?" दोनशे अकरा पुरुषांनी "नाही" म्हटलं. काहींनी तर प्रश्न पुरता ऐकलाही नाही. शेवटचं घर तिचं स्वतःचं, ते त्या सकाळी उरलं होतं. कारभाऱ्यांनी फणीवरून मान वर न करता सांगितलं, "नाही. लिही."

तिनं लिहिलं.

त्याच दुपारी आईनं तिला हाक मारली. "माझी वेणी घालून दे गं. हात वर जात नाही आज."

थोरली मागे बसली. केस पुढे घेताना पोलक्यावर पिवळट डाग दिसला आणि एक कुबट वास आला. तिनं आईच्या काखेखाली हात घातला. लिंबाएवढी टणक गाठ होती आणि वरची कातडी फुटलेली होती.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"आई!"

"हळू. पलीकडे रेडिओ मावशी आहे, तिच्या कानावर गेलं म्हणजे वस्तीभर झालं." आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "धाकटीचं होऊ दे. दोनच महिने. मग नेशील तिथं येते. माझी शपथ आहे तुला."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत बैठक भरली. पुढे पुरुष बसले होते, मागे बायका. आई रुग्णालयात द्यायचा तयार टोप कागदात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले, पुन्हा चाळले. "दोनशे बारा घरं आणि एकही रुग्ण नाही?"

"शिस्त आहे आमच्यात," कारभारी म्हणाले. पुरुषांनी माना डोलावल्या.

"मग रुग्णालयाची तपासणीची फिरती गाडी इथं थांबवता येणार नाही. ज्या भागात रुग्ण दिसतात तिकडे ती परवापासून जाईल. इकडे पुन्हा दोन वर्षांनी येईल."

दोन वर्षं! थोरलीनं मागे पाहिलं. कुणी पदराशी चाळा करत होती, कुणी जमिनीकडे बघत होती. तिला एकदम कळलं, की इथं गप्प बसलेली आपली आई एकटी नाही. शपथ आठवली. धाकटीचं हसू आठवलं. तरी ती उठलीच.

"आमच्या घरचं उत्तर चुकीचं आहे."

"ते मी दिलंय," कारभारी गरजले.

"हो. पण तुम्ही आईला विचारलं होतं का, बाबा?"

कारभारी वळले. तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला भर सभेत पहिल्यांदाच प्रश्न केला. "काय गं? काही आहे?"

आईनं आधी थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. मग ती म्हणाली, "दीड वर्ष झालं."

मुलाकडचा निरोप संध्याकाळच्या आतच आला. नकार. धाकटी रडली नाही. तिनं ओवायला घेतलेला टोप तसाच ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई महिनाभर थोरलीशी एक अक्षर बोलली नाही. रुग्णालयात न्यायची ती, जखम पुसायची ती, आणि आई बोलायची ती मात्र परिचारिकेशी. रोग हाडापर्यंत गेलाय, फार उशीर झालाय, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनाच रडू कोसळलं. "मी बाईला विचारायला हवं होतं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाईचा टोप सरकला. आईनं तो लगेच ओळखला. तिच्याच हातचा होता. तिनं त्या बाईला जवळ बोलावलं आणि डाव्या हातानं भांग सरळ केला. त्या बाईची गाठ तीन महिन्यांत लक्षात आली म्हणून ती वाचली होती. ती आपल्या खाटेवर परतल्यावर आईनं थोरलीकडे तोंड वळवलं.

"पुन्हा जा त्या घरांत," ती थोरलीला म्हणाली. महिन्यानंतरचं पहिलं वाक्य. "पण दारात नको विचारूस. आत जा, चुलीपाशी बस."

त्या बैठकीनंतर पावणेपाच महिन्यांनी आई गेली.

पाहणी पुन्हा झाली. या वेळी थोरलीबरोबर कारभारीही असत. ते आत जात नसत. दार वाजवत आणि घरच्या पुरुषाला म्हणत, "बाहेर ये रे. आपण पायरीवर बसू. आत त्यांना बोलू दे." कुणी कुरकुरला तर ते त्याच्या तोंडाकडे नुसतं बघत राहत, आणि मग तो मुकाट्यानं बाहेर येई.

एकोणीस बायका सापडल्या. अकरा जणी वेळेत. तपासणीची गाडी आता कालव्याच्या अलीकडे थांबते.

शेवटचं घर त्यांचंच होतं. कारभारी न सांगता उठले आणि पायरीवर जाऊन बसले. थोरलीनं धाकटीसमोर कागद उघडला आणि प्रश्न वाचला. धाकटी उठली, आतल्या खोलीत गेली, थोरलीनं शिकवलं होतं तसं स्वतःला नीट तपासून परत आली.

"नाही," ती म्हणाली. "लिही."

तोच शब्द, तोच कागद. पण त्या घरातल्या बाईनं तो पहिल्यांदाच स्वतः दिला होता, आणि पायरीवर बसलेल्या माणसानं तो ऐकून तोंड ओंजळीत लपवलं.