आवाज न अडवणारा पडदा

मित्रांनो, दवाखान्यात तपासणीच्या खाटेसमोर लोंबणारा हिरवा पडदा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. आता पार विटून गेलो आहे. मला बोलायची सवय नाही, आणि ही गोष्ट तुमच्यासमोर सांगावी की नाही, हेही नीट कळत नाही. तरी सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेलसं दिसत नाही.

शिंप्याने मला जाड कापडातून बेतलं आणि वरच्या काठाला कड्या लावल्या. मला कारखान्यांच्या वस्तीतल्या दवाखान्यात टांगलं. माझ्यामागे तरुण मुली येत: पॅकिंगवाल्या, शिवणकामवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या. पुष्कळ जणींचं दुखणं एकाच जातीचं असे. ते शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याला लागतं. दोघांनी वेळेवर औषध घेतलं, तर बहुधा बरंही होतं. पण तापाचं नाव घेताना न लाजणारी माणसं याचं नाव घेताना मान खाली घालतात.

तपासायला सिस्टर होत्या. मनाने वाईट नव्हत्या. त्यांचा एक कान गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. पण कानाचं यंत्र लावलं तर म्हातारी दिसेन, म्हणून लावत नसत. मग स्वतः ओरडत आणि मुलींनाही ओरडायला लावत.

एका सकाळी पॅकिंगमधली एकोणीस वर्षांची मुलगी आली. सगळे तिला चिमणी म्हणत. नुकतंच लग्न झालेलं. सोबतची नणंद बाहेर बाकावर बसली, माझ्यापासून चार हातांवर.

"काय होतंय?" सिस्टरांनी विचारलं.

चिमणी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने बोल गं! नवऱ्याशी भांडताना बरा आवाज फुटतो!"

चिमणीने पुन्हा सांगितलं.

"लघवीला जळजळ? अंगावरून जातंय?" सिस्टरांचा आवाज खणखणीत. "हे लागलेलं दुखणं आहे. नवऱ्याकडून आलंय की दुसरीकडून?"

बाकावरची कुजबुज एकदम थांबली.

"सिस्टर, हळू ना... बाहेर वन्सं आहेत."

"काय? खोकला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नणंद ताडकन उठली आणि तिने मला खस्सकन बाजूला ओढलं.

"चल घरी! माझा भाऊ देवमाणूस आहे. हे तू आणलंस त्या कारखान्यातून!"

चिमणी चपला हातात घेऊनच निघाली.

"अगं, गोळ्या राहिल्या!" सिस्टर इतक्या मोठ्याने ओरडल्या, की रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

त्यानंतर वस्तीत बातमी पसरली, की तिकडे गेलं तर सगळ्या जगाला कळतं. हळूहळू बाक रिकामा राहू लागला. वर्षाच्या अखेरीस वरचे साहेब आले आणि रुग्णांच्या आकड्यांचा तक्ता बघून खूश झाले. "आजार निम्म्यावर आला! शाबास!" सिस्टरांना फुलांचा गुच्छ मिळाला. माझंही कौतुक झालं, पडदा किती स्वच्छ ठेवलाय म्हणून. नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "साहेब, आजार कमी नाही झाला. मुली यायच्या थांबल्या." साहेब बिस्किट चहात बुडवत होते.

दोन वर्षांनी चिमणी आली. एकटीच. ओटीपोट धरून चालत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मग खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"उशीर झाला गं. आतल्या नळ्या खराब झाल्यात. औषधाने दुखायचं थांबेल, पण मूल राहणं अवघड आहे."

चिमणी खाटेवरून उतरून चपला शोधू लागली.

"नवऱ्याने औषध घेतलं का?"

"त्यांना कोण विचारणार? वन्संनी मलाच घराबाहेर काढलं. आता नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलंय."

"मुलगी कोण?"

"आमच्या पॅकिंगमधलीच. अठराची आहे."

"तिला घेऊन ये. आजच. त्यालाही बोलवू."

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. "इथं? इथं ती पाऊल टाकायची नाही, बाई. माझं काय झालं, ते सगळ्या पॅकिंगला माहीत आहे."

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी सिस्टर, कोणी तक्ता बघणारा साहेब. दवाखान्याला दाराची खोली द्या. दार लावा, मग हळू विचारा. आणि जो आजार देऊन मोकळा होतो, त्यालाही त्याच खाटेवर बसवा. हे एका कापडाला जमण्यासारखं नाही. मला वाटत होतं की मी त्या मुलींना झाकतो आहे.

ती अठरा वर्षांची मुलगी अजून आलेली नाही. लग्न मात्र झालं.