चौथ्या मजल्यावरचं लग्न

पाहुणे यायला लागले आणि नेमकी तेव्हाच ह्यांनी सभागृहाची लिफ्ट बंद करवली.

लग्न आमच्या लेकीचं. सभागृह चौथ्या मजल्यावर, आणि खाली खुर्चीत जावयाची आजी, दोन्ही गुडघ्यांनी जायबंदी, कुणी उचलून न्यायला मात्र राजी नाही. साक्षीदार म्हणून सही तीच करणार, तिच्याशिवाय लग्न नाही, असं जावयाने आधीच बजावलेलं. हे जन्मभर लिफ्टदुरुस्तीत. लिफ्टने खाली येताना ह्यांना वरच्या बाजूला कुठेतरी खरखर ऐकू आली, आणि तपासल्याशिवाय कुणाला बसू द्यायला हे तयार होईनात. मशीनची किल्ली कंपनीच्या माणसाकडे, तो तासाभराच्या वाटेवर. नोंदणी अधिकारी बाई तेवढं थांबणार नव्हत्या.

व्याही जिने उतरून आले. हसतच बोलले, पण हसण्याला धार होती. आज तुम्ही मुलीचे बाबा आहात, मिस्त्री नव्हे. लिफ्ट दुसऱ्याची, जबाबदारीही दुसऱ्याची, असं त्यांचं म्हणणं.

"सुट्टीच आहे हो आज," हे म्हणाले, "पण कान घरी ठेवून येता आलं नाही."

तिखट शब्द काढायचा नाही हा माझा रोजचा नेम. त्या क्षणी तो नेम अगदी जिभेच्या टोकावर लटकत होता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले.

एवढ्यात लेकच चपला हातात घेऊन खाली आली. कॉलेजात ती तत्त्वज्ञान शिकवते.

"बाबा, खात्री आहे?"

"नाही गं. शंका आहे."

"मग आजीला शंकेत कसं बसवायचं?" ती व्याह्यांकडे वळली. "काका, वर्गात मी हेच विचारते. काम आपलं नाही, पण ऐकू फक्त आपल्यालाच आलंय, तर ते कुणाचं? मुलं तास संपेपर्यंत भांडतात."

"आणि उत्तर?"

"ते पुढच्या तासाला. तोवर लग्न खाली आणू या."

मग काय, अख्खं लग्न जिना उतरू लागलं. डोक्यावर खुर्च्या, कडेवर मुलं, हातात फुलांच्या परड्या, आणि शिक्के छातीशी धरून अधिकारी बाई. चौथ्या मजल्यावर कुरकुरणारी मंडळी दुसऱ्यापर्यंत येता येता गाऊ लागली. आजीने सावकाश, नीट सही केली.

"जन्मभर मी सगळ्यांच्या मागे धावले," ती म्हणाली. "आज लग्नच माझ्याकडे चालत आलं."

टाळ्या चालू असतानाच किल्लीवाला आला. मशीन ठणठणीत निघालं. खरखर होती ती लिफ्टच्या छताला लावलेल्या फुलांच्या माळेची. तिचं टोक पंख्यात अडकलेलं. माळ सकाळी ह्यांनीच बांधलेली. जन्मभर यंत्रातच बिघाड शोधत आलेल्या माणसाला ती दिसलीच नव्हती.

व्याही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हेही लाजून हसले. आजीने जेवणही खालीच मागवलं, तेव्हा पातेली आणायला व्याहीच उठले. लिफ्टमध्ये शिरले, दार हाताने धरून ठेवलं आणि ह्यांना म्हणाले, "या की आत. ऐकायला कुणीतरी हवंच."