न उघडता लिहिलेलं शून्य

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. म्हणजे पाऊस मोजायचा पत्र्याचा डबा, पोटात काचेची बरणी. जंगलातल्या चौकीमागे उभा असतो. हसू नका मित्रांनो. मी कधी खोटं बोललो नाही, एवढीच माझी कमाई.

आधी चौकीवर आबा होते. रोज सकाळी मला उघडायचे. "काय ढेरपोट्या, किती प्यायलास?" असं विचारायचे. पावसाळ्यात मी तुडुंब असायचो. आबा गेले, त्यांचा मुलगा वनरक्षक झाला. गेली तीन वर्षं एक दिवस धो धो, मग महिनाभर ठणठणाट. हा पठ्ठ्या मला न उघडताच वहीत शून्य टाकायचा. असा संताप यायचा! पण डबा बोलणार कसा?

त्याच्या ताईची रोपवाटिका माझ्या शेजारीच. उतारावरच्या जुन्या झाडांना तीन वर्षं बी धरलं नव्हतं. तहानलेलं झाड आधी स्वतःचा जीव बघतं. यंदा कुठे चार झाडांना शेंगा लागल्या. पिकायला पंधरा दिवस होते.

आणि भाऊ निघाला जाळरेषा काढायला. वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच जाळून ठेवतात, ती जाळरेषा.

ताई ओरडली, "पानं हातात घेतली की चुरा होतोय! हे महिनाभर आधी उरकायचं होतंस. आता गवत काप, काडी नको लावू."

"आबा याच आठवड्यात लावायचे."

"तेव्हा जमीन ओली असायची, शहाण्या! हा डबा उघडून बघितलास कधी?"

"रिकाम्या डब्यात काय बघायचं? तू तुझं बी सांभाळ."

काडी लागली. वारा फिरला. आग पट्टा ओलांडून उतार चढली. दोघं ओल्या गोणपाटांनी झोडपत राहिले. पूर्वी अशी आग खोडाला नुसती चाटून जायची. आता खोडं आतून वाळलेली. उभी पेटली.

सकाळी ताईने करपलेल्या शेंगा फोडल्या. भाऊ समोर बसलेला, भुवया जळालेल्या.

"ताई, एखादं तरी रुजेल ना?"

"कच्चं होतं रे सगळं," ती म्हणाली आणि रोपांच्या रिकाम्या पिशव्या घडी घालून आत नेल्या.

मित्रांनो, जगभरची जंगलं अशीच वाळतायत, असं आग बघायला आलेले वनखात्याचे साहेब सांगून गेले. असेल. मला इथलंच माहीत. पाऊस बदललाय, तुम्हीही बदला. वाडवडिलांची तारीख पाळायच्या आधी जमिनीला हात लावून बघा. उरलेल्या झाडांना पाणी देता येत नसेल, तर निदान काडी तरी लावू नका.