भाऊजींच्या तीनशे बारा नोंदी

भाऊजी गेल्यावर तीन आठवड्यांनी ताई माझ्या ऑफिसात आली. "त्यांनी चिमणीसाठी लिहिलेलं सगळं छापून दे. पुस्तक बांधून ठेवते. मोठी झाली की वाचेल."

चिमणी म्हणजे माझी चार वर्षांची भाची. स्वतःचा आजार कळल्यापासून भाऊजी तिच्यासाठी रोज लिहायचे, मी बनवून दिलेल्या वेबसाइटवर. तीनशे बारा नोंदी. मी रुबाबात पान उघडलं. वरची बटणं ठीक होती. खाली मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळीच्या ओळी.

"अक्षरांचा घोळ आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटांत निस्तरतो."

प्रश्नचिन्हांऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसली असती तर निस्तरलंही असतं. मूळ मजकूर त्यांच्या आड शाबूत असतो. मी थेट डेटाबेस उघडला, जिथे मूळ मजकूर साठवलेला असतो. तिथेही प्रश्नचिन्हंच साठवलेली होती. दोन महिन्यांपूर्वी, भाऊजी दवाखान्यात होते आणि त्यांचं लिहिणं थांबलं होतं तेव्हा, मी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. एक सेटिंग राहून गेलं, आणि ओळख न पटलेल्या प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी सर्व्हरने प्रश्नचिन्ह टाकलं. वर माझा शहाणपणा असा, की बॅकअप फक्त सात दिवसांचा, आणि भाड्याचा जुना सर्व्हर पुसून परत केलेला. हलवल्यावर तपासलं काय, तर नोंदींची संख्या. तीनशे बारा भरल्या, मी खूश. गाढव कुठला!

तरी दोन तास झटापट केली. ताई शेजारी बसून होती. इंग्रजी आकडे तेवढे टिकले होते. एका ओळीत 102.6. "तिला ताप होता तो दिवस," ती म्हणाली. दुसरीकडे 6:40. ते काय, तिला आठवेना.

"ताई, हे परत येणार नाही. माझ्या हातून गेलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी एकही वाचलं नाही रे," ती म्हणाली. "म्हटलं, लेकीचं आहे, तिनंच आधी उघडावं. तू तरी वाचलं असशील ना? साइट तुझीच. आठवेल तेवढं सांग, मी लिहून घेते."

तिने पर्समधून वही आणि पेन काढलं.

लहानपणी तिची डायरी चोरून वाचतो म्हणून मी कितीदा मार खाल्ला होता. या वेळी मात्र सभ्यपणे वागलो होतो, जन्मात पहिल्यांदाच.

"नाही गं," मी म्हणालो. "एक ओळसुद्धा नाही."

तिने वही उघडली आणि पहिल्या पानावर 102.6 एवढंच लिहिलं.