मयतीला न आलेले पाहुणे

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास सांगायला बैरूतमध्ये म्हाताऱ्यांची कमी नाही. डोंगरातून शहरात उतरलेल्या हमालांनी आणि न्हाव्यांनी तो कसा उभारला, युद्धात मैदानावर तोफा कशा आल्या, पहिली ढाल कशी जिंकली, सगळं त्यांना तोंडपाठ. हरलेला एक सामना मात्र ते एका वाक्यात उरकतात: गोलकीपर शकीबने तो विकला.

शकीब माझा नवरा. पावसाने ओला झालेला चेंडू हातातून निसटला, एवढंच झालं होतं. पण अध्यक्ष फौझी बेकने भर चौकात सांगितलं की पोराने पैसे खाल्ले, आणि साऱ्या डोंगराने ते खरं मानलं. शकीब झुरून झुरून गेला. आमच्यात वैऱ्याच्याही मयतीला गावंच्या गावं येतात. शकीबच्या मयतीला शेजारचे चार जण होते. तेव्हापासून मी फौझीला पाण्यात पाहते, आणि ते कुणापासून लपवतही नाही.

माझा मुलगा रमझी बापासारखाच गोलकीपर. नाव क्लबच्या नोंदणीत, पण फौझीने त्याला कायम बाकावर बसवलं, म्हणून तो गावातल्या गॅरेजात लागला. यंदा क्लब खालच्या गटात घसरायच्या बेतात आला, शेवटच्या सामन्याआधी त्यांच्या कीपरचा हात मोडला, आणि फौझीची गाडी माझ्या दारात उभी राहिली.

लबाड एकटा नव्हता आला. पांढऱ्या टोपीचे दोन शेख, आमचे धर्मवडील, पुढे घातले होते. डाव मी ओळखला. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला समोर तसाच ठेवतो, यजमानाने हो म्हटल्याशिवाय ओठाला लावत नाही. शेखांसमोर तो पेला निवला तर त्या घराला मान वर करायची सोय राहत नाही.

म्हणून मी कॉफी केलीच नाही. मत्ते दिली, सुक्या पाल्यावर गरम पाणी ओतून नळीने ओढायचं आमचं पेय. तुंबडी एक, नळी एक. ज्याची पाळी त्याने ओढायची आणि परत द्यायची. त्यात अडून बसायला जागाच नाही. मी गरम पाणी ओतत राहिले, अक्रोड आणले, सुके अंजीर आणले. फौझीने थंडीवाऱ्याच्या गप्पा मारल्या, गुडघेदुखी सांगितली, मग स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "रमझीची आई, आज कॉफीचा वास नाही आला."

"मयतीला आलेल्यांना देते मी कॉफी, बेक. तुम्हाला तेव्हा रस्ता सापडला नव्हता."

थोरल्या शेख नजीबनी तुंबडी खाली ठेवली आणि का गेला नाहीस म्हणून त्याला विचारलं. फौझी आधी क्लबच्या रागावर ढकलत होता, मग लोकांच्या तोंडावर. नाक दाबलं की तोंड उघडतं. शेखांनी सरळच विचारलं, शकीबने सामना विकला होता की नाही.

"नाही," फौझी खाली बघत म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं. लोक माझी खुर्ची मागत होते."

"म्हणजे तुझ्या शब्दावर आम्ही त्याला खांदा दिला नाही," शेख नजीब म्हणाले. त्यांनी माझी माफी मागितली, आणि फौझीला तिथेच टाकून दोघं शेख पायी निघून गेले. मला इतकं बरं वाटलं की उभ्या उभ्या नाचले असते.

रमझी सगळं ऐकत दारात उभा होता, खांद्यावर खेळाची बॅग. सकाळीच भरून ठेवली होती म्हणे, मला न सांगता. फौझी लगबगीने त्याच्याकडे गेला, रविवारी येशील ना म्हणाला.

"नुसतं बोलावलं असतंत तरी आलो असतो, काका," रमझी म्हणाला. "बाबाने खरंच विकला असेल, असं मला आजवर वाटायचं. ते फेडायलाच येणार होतो. आता फेडायचं काय राहिलं?"

फौझी गेला. मी रमझीकडे बघितलं नाही. माझ्याच घरात माझ्या नवऱ्याला चोर समजणारा एक होता, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं रेडिओपाशी बसलो. क्लब हरला, खालच्या गटात गेला, आणि मी शकीबच्या फोटोकडे बघून पोटभर हसले. रमझी हसला नाही. प्रत्येक गोलच्या वेळी तो बसल्या जागी एका बाजूला झुकत होता, आणि त्याचे दोन्ही हात पुढे जात होते.